थेरोनचे मासे

फिलिनाला एका जागी बसलेलं हाल्मिरात कुणी पाहिलं नव्हतं. मासे खारवायच्या टाक्यांवर ती वाकलेली असायची, नाहीतर उन्हात पसरलेल्या तुकड्यांवरच्या माश्या हाकलत असायची, नाहीतर काही काम नसताना बंदरापर्यंत जाऊन परत येत असायची. जेवतानाही तिचा एक पाय दाराबाहेर. बायका म्हणायच्या, हिच्या पायाला देवानं जन्मतःच भिंगरी बांधलीय. देवाचा यात काही हात नव्हता. आपल्या मेलेल्या बापाचं नाव रोज उठून बाजारात शिवीसारखं ऐकावं लागलं असतं, तर त्या बायकाही अशाच फिरल्या असत्या.

तिचा बाप थेरोन. पश्चिमेच्या खडकावर मचाण आहे; कुपे, म्हणजे ते मोठे मासे, येतात त्या हंगामात त्यावर बसून पाण्यावर नजर ठेवायचं काम त्याचं. कुप्यांची झुंड दिसली की त्यानं अंगावरचं वस्त्र काढून हलवायचं. ओरडायचं नाही, मासा बिचकतो. वस्त्र हललेलं दिसलं की खाली सगळं गाव हातातलं काम टाकून रापणीला, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला, धावायचं. रापणीचा नियम तेव्हाही होता तोच आजही आहे. जाळ्याचं तोंड मिटायच्या आत ज्याचा हात दोराला लागला त्याच्या घराला वाटा. मागून आलेला गावचा प्रमुख का असेना, त्यानं रिकाम्या हातानं घरी जावं.

आता आमच्या गावात सांगतात ती गोष्ट अशी. त्या वसंतात पूर्वेच्या बड्या राजाची फिनिशियन जहाजं किनाऱ्याची गावं जाळत येत होती. थेरोनला पाण्यावर काळं काहीतरी दिसलं. त्याला वाटलं कुपे. त्यानं वस्त्र हलवलं, आणि भाले ढाली घरी ठेवून पुरुषमाणसं कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली. ते काळं म्हणजे जहाजं होती. गाव जळलं, पोरंबाळं बांधून नेली, आणि थेरोन मचाणावरून उतरून घराकडे पळत असताना गल्लीतच मारला गेला. पलीकडच्या किनाऱ्याचे लोक म्हणतात, तो प्यायला होता. काही शहाणे म्हणतात, त्यानं राजाचं सोनं खाल्लं होतं. सोनं खाल्लेला माणूस गळक्या छपराखाली का राहत होता, हे शहाण्यांना कुणी विचारलं नाही.

तेव्हापासून आनंदाची बातमी आली आणि तिच्या पोटातून संकट निघालं, की आमच्याकडे म्हणतात, निघाले थेरोनचे मासे. चांगला म्हणून केलेला जावई दारुडा निघाला, थेरोनचे मासे. स्वस्तात पडलेली होडी पहिल्याच लाटेला उकलली, थेरोनचे मासे. फिलिनाच्या स्वतःच्या लग्नात तिच्या सासूनं ताटातला मासा उचलून, हे त्यातले नाहीत ना, असं विचारलं होतं, आणि मांडव हसला होता. नवरा पुढे बुडून मेला. त्या हसण्यात तोही होता, हे ती त्याच्या तेराव्यालाही विसरली नाही.

गावात ते शब्द एकच माणूस उच्चारत नसे, तिच्याच घरातला. मिकोन, तिचा मामा. जहाजं आली तेव्हा फिलिना आईच्या पोटात होती. मामा तेव्हा विशीतला, मिसरूड फुटलेला. बहिणीला आणि मग तिच्या पोरीला त्यानं सांभाळलं, लग्न केलं नाही, पोरीला खारवणं शिकवलं, मिठाचा हात किती जड पडू द्यायचा ते शिकवलं. त्याच्या उजव्या तळव्यावर आडवा पांढरा वळ होता. लहानपणी ती त्यावर बोट फिरवून विचारायची, आणि तो सांगायचा, "तुझ्या बापाच्या शेवटच्या रापणीचा आहे तो. तो वर वस्त्र हलवत होता, मी खाली दोर ओढत होतो. असा ओढत होतो की कातडं सोलून निघालं." बापाबद्दल कुणी मायेनं बोलायचं ते एवढंच. ती तो वळ गोंजारत झोपायची.

अशात पासिक्लेस आला. मिलेटसचा, टकला, ढेरपोट्या, सदा शिंकणारा गृहस्थ. वारा उलटा होता म्हणून त्याचं जहाज आमच्या बंदरात अडकलं, आणि गप्प बसणं त्याच्याही स्वभावात नव्हतं. त्याच्याकडे पपायरसच्या गुंडाळ्या होत्या. ही वेस इथे का, त्या देवळाला छप्पर का नाही, अमुक शब्द तुमच्याकडे कुठून आला, असलं तो विचारत सुटायचा आणि उत्तरं लिहून ठेवायचा. कवी लोक असल्या गोष्टी देवीला विचारतात आणि देवी सांगेल तसं गातात. हा देवीला सोडून मासळीवाल्या ग्लौकिसला विचारत होता. बरं, ऐकून मान डोलवावी, तर तेही नाही. गोष्ट रंगात आली की हा मध्येच म्हणायचा, "तुम्ही स्वतः पाहिलंत? नाही? मग कुणाकडून ऐकलंत?" आयुष्यभर ज्यांना कुणी असं विचारलं नव्हतं ते लोक घोटभर वाइनसाठी बसून राहायचे आणि मागून त्याला नावं ठेवायचे.

ग्लौकिसनंच बातमी आणली. टोपली खाली न ठेवता ती फिलिनाला म्हणाली, "अगं फिलिने, तुझ्या बापाचं नशीब उघडलं. पाहुणा त्याला पुस्तकात घालतोय. मी सांगितलं सगळं, मासे, जहाजं, माझे दोन भाऊ कसे नेले ते. अथेन्समध्ये वाचणार आहे म्हणे लोकांपुढे."

"तू पाहिलंस का गं ते?" फिलिनानं विचारलं.

"बाई, तू पण त्याच्यासारखीच बोलायला लागलीस," ग्लौकिस म्हणाली आणि निघून गेली.

फिलिनानं हात पुसले. मिकोन दारात बसून फाटकं जाळं सांधत होता.

"मामा, मी जाते त्याच्याकडे."

"कशाला? वारा फिरला की जाईल तो."

"जाईल, आणि ग्लौकिसचं बोलणं घेऊन जाईल. आतापर्यंत बापाला हाल्मिरा हसत होतं, आता अख्खं जग हसेल. एकदा लिहिलं गेलं की गेलं."

"बोलून काय होणारे, पोरी? मेलेल्याला काय त्याचं."

"मी मेलेली नाही ना."

मिकोननं मान वर केली नाही. त्याची सुई दोनदा चुकीच्या घरात गेली. फिलिनाला वाटलं, म्हाताऱ्याची नजर गेली आता.

पासिक्लेस बंदरावर उन्हाला बसला होता. तिनं खारवलेल्या कुप्याचं मडकं त्याच्यापुढे ठेवलं आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की ती थेरोनची मुलगी, आणि गाव सांगतं ते खोटं आहे. तिचा बाप हाल्मिरातला सगळ्यात चांगला टेहळ्या होता. नुसत्या पाण्याच्या रंगावरून तो झुंड केवढी ते सांगायचा. असा माणूस लाकडी जहाजांना मासे समजणार नाही.

"तुम्ही पाहिलंत?" पासिक्लेसनं विचारलं.

"मी आईच्या पोटात होते."

"म्हणजे नाही. आणि आई?"

"ती खारवायच्या टाकीत लपली होती."

"म्हणजे तिनंही नाही."

फिलिनाचं डोकं फिरलं. "पाहुणे, पाहिलेलाच माणूस हवा असेल तर तो सार्डिसच्या बाजारात विकला गेला. जा तिकडे आणि विचारा."

पासिक्लेस हसला, शिंकला, मग मडक्यातला तुकडा चोखत थोडा विचारात पडला. "माणसं गेली. जागा तर गेली नाही ना? मला ते मचाण दाखवा."

हंगाम अजून लागला नव्हता, मचाण ओस होतं. शिडीच्या दोन पायऱ्या निसटलेल्या. पासिक्लेस धापा टाकत चढला, खालून फिलिना त्याला पाय कुठे टेकायचा ते सांगत होती. ती स्वतः तिथे कधी चढली नव्हती. बायका मचाणावर चढत नाहीत, आणि तिला तर त्या खडकाकडे बघणंही नको असायचं. आज मात्र ती त्याच्यामागून चढली. वर वारा इतका होता की फळ्या करकरत होत्या. पासिक्लेसनं खांब धरला आणि हळूहळू सगळीकडे वळून पाहिलं.

"जहाजं कुठून आली होती?"

"पूर्वेकडून. ते सगळेच सांगतात."

"पूर्व म्हणजे तो डोंगर. त्याच्यामागे काय?"

"समुद्र."

"मग तो दिसत का नाही?"

"मध्ये डोंगर आहे ना," ती वैतागून म्हणाली, लहान मुलाला सांगावं तशी. आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

मचाणावरून पश्चिमेचं सगळं पाणी दिसत होतं, वाळू दिसत होती, गावाची छपरं दिसत होती. पूर्वेचा समुद्र तसूभरही दिसत नव्हता. तिच्या बापानंतर त्या फळ्यांवर कितीतरी टेहळे बसून गेले, त्या प्रत्येकाला हे दिसलं असणार. पण गावाला हसवणारी चांगली रुजलेली गोष्ट मोडून वाईटपणा घेणार कोण?

"बाई," पासिक्लेस म्हणाला, "तुमच्या बापानं जहाजं पाहिलीच नाहीत. पाहणं शक्यच नव्हतं. त्यानं कुपे पाहिले. खरे कुपे."

फिलिना फळ्यांवर बसली. ती रडली, आणि रडताना तिला हसूही येत होतं. बाप आंधळा नव्हता, प्यायलेला नव्हता, विकला गेलेला नव्हता. त्यानं आपलं काम केलं होतं, आणि चोख केलं होतं. हे आता तिनं एकटीनं म्हणायचं नव्हतं. मिलेटसचा माणूस ते लिहिणार होता.

पासिक्लेसचं मात्र संपलं नव्हतं. त्याचे डोळे डोंगरावर होते. "तिथे दगड रचलेले दिसतात."

"ती चौकी," ती डोळे पुसत म्हणाली. "दिवसभर एकानं तिथे बसायचं. पूर्वेला काही दिसलं की ओला पाला पेटवून धूर करायचा."

"म्हणजे तुमच्या बापाला ती चौकी दिसत होती. धूर नाही, तेव्हा धोका नाही, असं धरून त्यानं गावाला पाण्यात बोलावलं. बरोबर. मग त्या दिवशी चौकीवर कोण होतं?"

"तरण्या पोरांच्या पाळ्या असायच्या. सकाळी खडे टाकून ठरायचं. ज्याचा खडा निघेल तो डोंगरावर, आणि त्या दिवशी त्याच्या घराला रापणीचा वाटा नाही, कारण दोराला हात लावायला तो नसतो आणि घरात दुसरा पुरुष नसला तर मग…" ती भरभर बोलत होती, आनंदात होती. "माझी आईच सांगायची ना. बापाला मचाणाचा वाटा मिळायचा, पण त्यातलं निम्मं सावकारांचं. आजीच्या घरचा वाटा म्हणजे एकट्या मामाचा हात. आई म्हणायची, कुपे आले, आणि नेमका आमच्या घरचाच…"

ती थांबली.

आई म्हणायची, कुपे आले आणि नेमका आमच्या घरचाच खडा निघालेला, म्हणून मी रडत रडत टाकीत उतरून टाकी घासत होते, त्या रडण्यानंच वाचले. हे तिनं आईच्या तोंडून किती वेळा ऐकलं होतं. आणि मामाचा वळही तिनं तितक्याच वेळा गोंजारला होता. दोन्ही गोष्टी तिला लहानपणापासून पाठ होत्या. त्या एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, आणि आता त्या या मचाणावर, या टकल्या परक्या माणसाच्या समोर भेटत होत्या.

"नेमका काय?" पासिक्लेसनं विचारलं.

"काही नाही. मला आठवत नाही."

"आठवा. गावात तेव्हाचं फारसं कुणी उरलेलं नाही, मी विचारून बसलोय. पण पलीकडच्या किनाऱ्यावर इथून पळालेल्या दोन म्हाताऱ्या आहेत म्हणतात. वारा फिरला की आधी तिकडेच जातो. खडा कुणाचा निघाला होता ते त्यांना माहीत असेल."

फिलिना उठली. बसणं तिला शक्यच नव्हतं. त्या एवढ्याशा फळ्यांवर ती दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे करायला लागली. खाली बंदर दिसत होतं, ग्लौकिसचं दुकान दिसत होतं. ग्लौकिसचे दोन भाऊ. चांभाराच्या तिन्ही बहिणी. घराघरात कुणी ना कुणी. आणि कडेच्या दारात जाळं सांधत बसलेला म्हातारा, ज्याला आता भाकरीही भिजवून द्यावी लागत होती. गाव मेलेल्याला हसतं. जिवंत सापडला तर हसण्यावर थांबणार नाही.

"पाहुणे," ती म्हणाली, "त्या म्हाताऱ्यांना त्रास देऊ नका. चौकीवर कुणी नव्हतंच. त्या वर्षी माणसं कमी होती. दोन्हीकडे बघायचं माझ्या बापानंच अंगावर घेतलं होतं. सकाळी एकदा डोंगरावर जाऊन यायचं, दुपारी एकदा. त्या दिवशी दुपारी मासे दिसले, आणि तो गेला नाही."

वाऱ्यानं पासिक्लेसच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यानं ते पुसलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "मघाशी खडे टाकायचं सांगत होतात."

"ते इतर वर्षी."

"हे गावात मला कुणीच सांगितलं नाही."

"गावाला माहीत नाही. आईनं मरताना मला सांगितलं."

"आणि तरीही तुम्ही बापाची बाजू घेऊन माझ्याकडे आलात."

"बाप आहे माझा. आधीच खरं सांगून कोण मोकळं होतं?"

"हे सांगून तुमचा तोटाच आहे, बाई."

"आहे."

"म्हणूनच ते खरं वाटतं," पासिक्लेस म्हणाला, आणि तिच्याबद्दल त्याच्या आवाजात आदर होता. तिला त्याला शिडीवरून खाली ढकलून द्यावंसं वाटलं.

घरी येऊन तिनं सातूचं पीठ असं मळलं की परातीला तडा जायचा. मग ते तसंच टाकून टाकीवरची झाकणं उचलून पाहिली, परत ठेवली. मिठाची पोती इथली तिथे हलवली. आईला माहीत होतं का? माहीत असून ती भावाच्या हातचं खात राहिली? की आईच्याही डोक्यात त्या दोन गोष्टी कधी भेटल्याच नाहीत? मिकोन दारातून हे सगळं बघत होता.

"काय म्हणाला गं तो?" त्यानं शेवटी विचारलं.

"मामा, तू दोर ओढत होतास तेव्हा डोंगरावर कोण होतं?"

मिकोननं जाळं मांडीवरून खाली ठेवलं. तळव्यावरच्या वळावरून त्यानं अंगठा फिरवला. फिलिनाला वाटत होतं, यानं रागवावं, वेडी झालीस का म्हणावं, दुसऱ्या कुणाचं तरी नाव घ्यावं.

"कुणी नव्हतं," तो म्हणाला. "तुझ्या बापानं वस्त्र हलवलेलं मला तिथून दिसलं. तेवढी मोठी झुंड त्या वर्षी आली नव्हती. आईच्या घरात काही नव्हतं गं, खरंच काही नव्हतं. मला वाटलं, पळत जाईन, दोराला हात लावीन, आणि तोंड मिटायच्या आत परत वर असेन. हात लावला एकदा, मग सोडवेना. सगळे ओढत होते. मी मागे वळून पाहिलं तेव्हा गावातून धूर येत होता. डोंगरावरून नाही, गावातून."

"आणि मला बापाच्या शेवटच्या रापणीची गोष्ट सांगायचास."

"दुसरी कुठली सांगू?"

तिच्या अंगाची आग झाली. ज्या हाताला ती बापाची खूण म्हणून धरून झोपली तो हा हात. तिनं त्याला तोंडात येईल ते सुनावलं. मग मचाणावर आपण काय बोलून आलो तेही सांगितलं. ते ऐकून मिकोनचा चेहरा असा झाला की ती बोलायची थांबली.

"थेरोनवर घातलंस?" तो म्हणाला. "त्याच्यावर? आणखी?"

"मग काय तुझ्यावर घालू? दगडानं ठेचतील तुला."

"ठेचू दे की. तुला कुणी सांगितलं होतं?"

सकाळी वारा फिरलेला होता. फिलिना टाकीवर होती आणि तिला दार वाजलेलं कळलं नाही. कळलं तेव्हा मिकोन काठी टेकत बंदराजवळ पोहोचलेला. ती धावत गेली. जहाजावर मडकी चढवत होते, ग्लौकिस खलाशांशी माशांच्या भावावरून भांडत होती, आणि मिकोन पासिक्लेसच्या झग्याचं टोक धरून मोठ्यानं बोलत होता. "लिहून घ्या. मिकोन. माझा खडा होता. मी चौकी सोडली. थेरोननं काही केलं नाही." तळवा त्यानं पासिक्लेसच्या तोंडासमोर धरला होता.

भांडण थांबलं. चांभार जवळ आला. ग्लौकिसच्या हातातला मासा हातातच राहिला.

"आजोबा," पासिक्लेस हळुवारपणे म्हणाला, "दोर ओढणाऱ्याच्या तळव्यावर वळ असतोच. तो कुठल्या दिवसाचा ते मला कसं कळावं?" मग त्याला फिलिना दिसली. "बाई, हे काय म्हणतायत? तुम्ही काल सांगितलंत ते खरं, की हे?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मिकोननंही. त्याच्या डोळ्यांत भीती नव्हती, विनवणी होती. बोल गं, असं ते डोळे म्हणत होते. तिनं ग्लौकिसचा चेहरा पाहिला.

"म्हातारा झालाय, पाहुणे," ती म्हणाली. "माझ्यासाठी बोलतोय. मला लोकांनी हसू नये म्हणून."

पासिक्लेसनं मान हलवली. त्याला तसंच वाटलं होतं. त्यानं मिकोनच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, असा मामा नशिबानं मिळतो. मग तो जहाजावर चढला. ग्लौकिसनं पुन्हा भाव करायला घेतला.

घराकडे जाताना मिकोन काठी टेकत तिच्यापुढे चालत होता. चढावर तिनं त्याचा दंड धरला, त्यानं तो सोडवून घेतला.

"वाचवलं मी तुला," ती म्हणाली.

"मला विचारलं होतंस?"

त्यानंतर मिकोननं जाळं हातात घेतलं नाही. तो बाजारात जाऊन बसायचा. कुणी थेरोनचे मासे म्हटलं की काठी आपटून म्हणायचा, थेरोनचे नव्हेत, माझे, मी सोडली चौकी. लोक आधी चुकचुकले, मग हसायला लागले. चांभार म्हणायचा, "हो रे मामा, आणि हा समुद्रही तूच खारट केलास." पोरं त्याच्याकडून मुद्दाम वदवून घ्यायची. भाचीवर एवढी माया, असं बायका कौतुकानं म्हणायच्या. कुणी एक दगडसुद्धा उचलला नाही. फिलिना त्याला संध्याकाळी घरी आणायची, भाकरी भिजवून द्यायची, तो खायचा. दोघांत बोलणं कामापुरतं. ज्याच्यासाठी तिनं बाप दिला तो माणूस घरात होता आणि तिच्याशी बोलत नव्हता. दोन हिवाळे असे काढून तो मेला.

पासिक्लेसचं पुस्तक मिकोनच्या मागून बऱ्याच वर्षांनी आलं. कुण्या व्यापाऱ्यानं नक्कल आणली, आणि पोसाइडनच्या उत्सवात आमच्या चौकात ती वाचली गेली. आपलं गाव पुस्तकात आलं म्हणून माणसं धुतलेले कपडे घालून बसली होती. गावकरी असं सांगतात, वाचणारा म्हणाला, आणि गावाची गोष्ट वाचली. पलीकडचे असं सांगतात, आणि दारूची गोष्ट वाचली. पुढे पासिक्लेसचे शब्द होते: दोन्ही अशक्य आहेत, कारण मी त्या मचाणावर चढून पाहिले आहे. खरा प्रकार असा, की दोन्ही दिशांची टेहळणी एकट्या थेरोनकडे होती, आणि लोभापायी त्याने पूर्वेकडे पाठ फिरवली. हे मला त्याच्या मुलीनेच सांगितले. तिचा यात तोटाच असल्यामुळे मी ते खरे मानतो.

चौकात कुजबुज झाली. माणसं वळून वळून फिलिनाकडे बघायला लागली, आणि कुणी हसत नव्हतं. म्हाताऱ्या चांभारानं तिला पाहून मान लववली. आयुष्यभर तिनं याचीच वाट पाहिली होती, की लोकांनी आपल्याकडे बघावं आणि हसू नये.

ती उभी राहिली. "मी खोटं सांगितलं होतं," ती म्हणाली. मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा म्हणाली. "चौकीवर मिकोन होता. माझा बाप चुकला नाही. मी खोटं सांगितलं."

वाचणारा थांबला. ग्लौकिस शेजारीच होती, तिनं फिलिनाचा हात धरून तिला खाली बसवलं आणि पदरानं तिचं तोंड पुसलं.

"कळतं गं आम्हाला," ती मायेनं म्हणाली. "किती झालं तरी बाप आहे."